पक्का असेल तो मागे

स्टानेनं सलगमाची पिशवी भलत्याच बाईच्या हातात दिली तेव्हा स्लावका त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. ल्युब्लियानाच्या नदीकाठच्या बाजारात, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी. "धर जरा, पाकीट काढतो," असं म्हणून त्यानं पिशवी पुढे केली आणि त्या बाईनंही ती घेतली. हातात दिलेली वस्तू माणूस आधी घेतो आणि मग विचार करतो, तशी. मग ती बाई स्लावकाकडे बघायला लागली, स्लावका त्या बाईकडे आणि भाजीवाली दोघींकडे. स्टाने मान खाली घालून पाकिटातली नाणी बोटांनी चाचपत होता. "अरे, मी इकडे आहे," स्लावका म्हणाली आणि हसली. भाजीवालीही हसली. "असू दे हो, या वयात बदलून मिळत असेल तर वाईट काय आहे?" स्टाने तेवढा हसला नाही. परतताना पुलावर म्हणाला, "कोट सारखा होता." कोट मुळीच सारखा नव्हता. हिचा राखट निळा, तिचा काळपट, गळ्याला लोकर लावलेला. आणि ती बाई हिच्याहून चांगली वीतभर उंच. हे सगळं स्लावकानं संध्याकाळी मारिबोरला लेकीला फोन करून तिखटमीठ लावून सांगितलं, आणि सांगता सांगता तिचं हसू कुठेतरी अडकलं, घशात माशाचा काटा अडकतो तसं. नेझा तिकडून हसलीच नाही. "आई, बाबा अजून गाडी चालवतात?" एवढंच तिनं विचारलं. स्लावकाला राग आला तो नवऱ्याचा नाही, लेकीचा. चांगली हसण्यावारी न्यायची गोष्ट, ती या पोरीनं उचलून टेबलावर मधोमध ठेवली होती.

पुढच्या शनिवारी स्टानेनं तिच्यासाठी स्कीचं जाकीट आणलं. लालभडक. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तिच्यासाठी कपडा म्हणून आणला नव्हता. आणल्या त्या कढया, टॉर्च, गाडीच्या खिडकीला लावायचे पडदे. "बासष्टाव्या वर्षी मी आगीचा बंब दिसते यात," ती आरशासमोर म्हणाली. "दिसतेस ना? मग झालं," तो म्हणाला. तेव्हा तिला ते नुसतं खवचट वाटलं होतं. आता, फेब्रुवारीतल्या या दुपारी, इटलीतल्या डोलोमाइट डोंगरांच्या एका दरीत, स्कीवाल्यांना वर नेणाऱ्या तारेवरच्या पाळण्यांच्या तळाशी बर्फात उभ्या असलेल्या कॅम्परमध्ये, त्यांच्या राहायच्या गाडीत, एकटी बसून, ती ते वाक्य पुन्हा पुन्हा उलटंपालटं करून बघत होती. न्हाणीच्या खणात ते जाकीट टपटप ठिबकत होतं. काल रात्री जेवताना स्टानेनं आंबवलेल्या सलगमाचं सूप टेबलावर ठेवायला म्हणून टेबलाच्या चार बोटं अलीकडेच सोडलं होतं, थेट तिच्या मांडीवरच्या जाकिटावर. वर म्हणे, टेबल हललं. सहा मीटरच्या गाडीत लोखंडी खिळ्यांनी ठोकून बसवलेलं टेबल. तिनं जाकीट रात्रीच धुतलं, ते वाळायचं नाव घेईना, म्हणून आज सकाळी ती जुनं राखाडी जाकीट घालून उतारावर गेली. आणि आता दुपार झाली होती, ती परत आली होती आणि स्टाने आला नव्हता.

एकटीनं या गाडीत बसायची तिला सवय नव्हती. ही गाडी दोघांनी आळीपाळीनं हलायची जागा होती. एक उठला की दुसऱ्यानं पाय आत घ्यायचे. एकानं चूल पेटवली की दुसऱ्यानं बिछान्यावर चढायचं. एकानं खाकरलं की दुसऱ्याच्या चहात लाटा. आणि नियम. स्टानेच्या नियमांवर ही गाडी उभी होती, चाकांवर नव्हे. दारात बूट काढायचे, सपाता घालायच्या; पाहुणा आला तर त्यालाही सपाता, त्यासाठी आकाराप्रमाणे चार जादा जोड खालच्या खणात. हे घरीही होतं, सगळ्यांच्याच घरी असतं, पण घरी दार ओलांडल्यावर पुढे निदान घर असतं. इथे दार ओलांडलं की समोर चूल. थंडीत हातब्रेक ओढायचा नाही, तो गोठतो; गाडी गियरमध्ये ठेवायची आणि चाकांखाली लाकडी उट्या, म्हणजे पाचरी, लावायच्या. रात्री गरम पाण्याच्या टाकीजवळ चुलीची ऊब पोचेल असं कपाटाचं दार उघडं ठेवायचं. नाहीतर त्या टाकीला एक झडप आहे, तिला थंडी वाजली की ती आपली आपण उघडते आणि सगळं पाणी बाहेर बर्फात ओतून मोकळी होते. परवा तेच झालं. पहाटे दोघं डोक्याला साबण लावून... नाही, ती एकटीच डोक्याला साबण लावून उभी, आणि तो बाहेर वाकून गाडीखाली बघत, "झडप बरोबर आहे. झडपेचं काम तेच आहे," असं तिला समजावत. स्टाने नेहमी वस्तूची बाजू घेई. वस्तू आपलं काम करत असते, माणसं चुकतात.

शिदोरीही नियमाचीच. घरून डुकराच्या सॉसेजच्या माळा, आंबवलेला कोबी, सलगम, उकडीसाठी कुट्टूचं पीठ, सारं ल्युब्लियानाहून इथवर वाहून आणायचं, आणि दुपारी पाळण्यावर लोंबकळत हातमोज्यातल्या हातानं गोठलेली पोळी खायची. डोंगरावरच्या हॉटेलात बसून गरम सूप प्यायचं म्हणजे स्टानेच्या लेखी बापजाद्यांच्या नावाला बट्टा. "ऑस्ट्रियावाल्यांना पाळण्याचे पैसे दिले, तेवढे पुरे. आता इटलीवाल्यांचं सूप प्यायला मी काय आजारी आहे?" हे तो दर हिवाळ्यात दर देशात म्हणायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं ही वापरलेली गाडी घेतली आणि तेव्हापासून जानेवारी उजाडला की हे सुरू; आधी सीमेपलीकडचे जवळचे डोंगर, मग पश्चिमेला सरकत, एका पाळण्याच्या तळाहून दुसऱ्या पाळण्याच्या तळाशी. पोस्टाच्या काचेमागे तीस वर्षं बसलेल्या बाईला मोकळी हवा हवी, असं त्याचं म्हणणं. तिला मोकळी हवा हवी होती हे खरं. पण ती खायला असं डब्यात बसावं लागेल हे कोणी सांगितलं नव्हतं.

हे सगळं चिडणं तिला चांगलं पाठ होतं आणि ते करत बसणं सोयीचंही होतं. कारण त्याच्या खाली दुसरी गोष्ट होती, आणि ती उद्या सकाळी येणार होती. उद्या गाडी इथून हलायची, घाट ओलांडून पुढच्या दरीत जायची. घाट म्हणजे एका बाजूला बर्फाची भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही, आणि मधे केसाच्या पिनेसारखी वळणं. स्टाने चालवणार होता. स्टाने ल्युब्लियानाची सहा नंबरची बस आयुष्यभर चालवत होता, एक ओरखडा नाही गाडीला, सायकलवाल्याची शिवी नाही. तो चालवणार यात बोलण्यासारखं काय होतं? फक्त इथे येताना एका चौकात त्यानं तांबडा दिवा असताना गाडी सरळ आत घातली होती आणि डावीकडून ट्रकवाला कर्कश भोंगा वाजवत वळून गेला होता. "घाई असते लोकांना," स्टाने म्हणाला होता. तिनं हात मांडीवर घट्ट धरून, "हो ना," म्हटलं होतं. हो ना. आपण हे कसं म्हटलं, याचं तिला अजून नवल वाटत होतं. निघण्याआधी नेझा म्हणालीच होती, "किल्ली काढून घे त्यांच्याकडून." किल्ली म्हणजे काय लहान पोराच्या हातातली कात्री आहे? त्या माणसाच्या हातून किल्ली घ्यायची तर मग बाकी उरलं काय त्याच्याकडे, सपाता? आणि गाडी तिला चालवता येत नव्हती असंही नाही. परवाना होता. त्यानं कधी दिली नाही, तिनं कधी मागितली नाही. "हे काय फ्रीजचं दार आहे, कोणीही उघडावं?" एकदा म्हणाला होता, तेव्हापासून नाहीच.

शिवाय तिला काय माहीत होतं? तिला काहीच माहीत नव्हतं. माहीत नसण्यासाठी तिनं बरीच खटपट केली होती. तो पेपर वाचायचा थांबला. त्यात काय, पेपरात असतं काय हल्ली? औषधाच्या बाटलीवरचं तिच्याकडून वाचून घ्यायचा; अक्षर बारीकच छापतात मेले. बोलताना तो तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या कानाकडे बघू लागला, जसं काही तिच्या मागे कोणी उभं आहे, आणि बोलणं त्याच्याशी चाललंय. याचा मात्र तिला मनापासून संताप येई. एकदा तिनं मागे वळून पाहिलंही, खरंच कोणी आहे का. दोन-तीन रात्री तिनं असंही मनात आणलं की याला आपला चेहरा आता बघवत नाही. तिनं आरशात बघून ते पटवूनही घेतलं. हे दुखलं, पण दुसऱ्या गोष्टीपेक्षा हे बरं होतं. म्हातारी झाल्याचं दुःख निदान आपल्या एकटीचं असतं, त्यात घाट नसतो.

उतारावर तो म्हणायचा, "उजेड सपाट आहे." हे सगळेच स्कीवाले म्हणतात; आभाळ भरलं की बर्फावर सावल्या पडत नाहीत, खड्डा आणि उंचवटा एकच दिसतो. पण स्टाने ते रोज म्हणू लागला, ऊन कडकडीत असतानाही. आणि या हिवाळ्यात त्यानं आणखी एक सुरू केलं. आजवर तो पुढे असायचा, ती मागे. तो खाली थांबून तिची वाट बघायचा आणि पोचल्या पोचल्या तिचे गुडघे, कोपरं, खांदे यांच्यावर एक व्याख्यान द्यायचा. या वर्षी तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "तू हो पुढे." "का बरं?" "पक्का असेल तो मागे," त्यानं सांगितलं, "पडलेल्याला उचलायला. आम्हाला लहानपणी तसंच शिकवलंय." शिकवलंय खरं; त्यांच्याकडे शाळेची पोरं बदकाच्या पिलांसारखी रांगेनं उतरतात आणि शेवटी सगळ्यात तरबेज. पण मग इतकी वर्षं तू पुढे कशाला होतास, असं तिच्या तोंडावर आलं होतं. आलं आणि गेलं, कारण खरं सांगायचं तर तिला ते आवडलं होतं. पुढे कोणी नाही, समोर नुसता पांढरा उतार, कोणी वाट बघत नाही, कोणी गुडघे मोजत नाही. मागून त्याच्या स्कीचा खरवडल्यासारखा आवाज येई, ती वळली की वळणारा, थांबली की थांबणारा. तिला वाटे, हा आपल्या अंगावर नजर ठेवून आहे. चीड यायची, आणि चिडीखाली जरासं सुखही वाटायचं. आज सकाळी वरच्या फाट्यावर ती डावीकडे वळली, कॅम्परच्या दिशेनं. थोडं खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं की मागे आवाज नाही. ती थांबली. वरून माणसं येत होती, निळी, पिवळी, हिरवी. त्यांच्यात तो नव्हता. ती तळाशी थांबली, मग थंडीनं बोटं वळेनाशी झाली तेव्हा गाडीत येऊन बसली.

फोन वाजला तो स्टानेच्याच नंबरावरून. तिनं घेतल्या घेतल्या सुरुवात केली, "अरे आहेस कुठे तू?" पण तिकडून बाईचा आवाज आला, इटालियन. स्लावकाचं इटालियन पोस्टाच्या खिडकीपुरतं होतं, पण बाई सावकाश बोलत होती, जशा चांगल्या बायका वाईट बातमी देताना बोलतात.

"तुम्ही स्लावका का? मी लोरेदाना, पादोव्हाची. घाबरू नका हं, तुमचे मिस्टर अगदी बरे आहेत. पण ते इथे आहेत आणि मला वाटतं त्यांना इथे यायचं नव्हतं." तिनं दरीचं नाव सांगितलं. पलीकडची दरी, डोंगराच्या दुसऱ्या अंगाला, उद्याच्या घाटाच्या पलीकडे.

"तिकडे कसे गेले ते?"

"माझ्या मागून आले ना." बाई जरा अडखळली. "वरच्या फाट्यापासून मागेच होते. मी वळले की वळायचे, थांबले की थांबायचे. खोटं कशाला बोलू, आधी मला भीतीच वाटली. मग खाली येऊन म्हटलं विचारावंच, काय हवंय तुम्हाला, तर तेच माझ्यावर चिडले. तुमच्या भाषेत. पण गुडघ्यांकडे हात करत होते म्हणजे कळलं मला. मी गुडघे वाकवत नाही म्हणून."

स्लावका उभी होती. बसली. न्हाणीत ठिबकत होतं. तिला जे विचारायचं होतं ते तिला आधीच माहीत होतं, तरी तिनं विचारलं.

"तुमचं जाकीट कुठल्या रंगाचं आहे हो?"

"लाल. का?"

काही नाही, असं स्लावका म्हणाली. काही नाही, सहज. तिच्या डोक्यात बाजारातली ती उंच बाई, सलगमाची पिशवी, तिच्या कानामागे उभा असलेला तो कोणी न दिसणारा माणूस, सगळे एकदम येऊन बसले आणि सरकून एकमेकांना जागा करून देऊ लागले. म्हणजे तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या गुडघ्यांकडे नाही, अंगाकडे नाही. एका लाल ठिपक्याच्या शेपटाला धरून हा माणूस डोंगर उतरत होता, महिनाभर. इतक्या वेगानं. आणि तळाला आल्यावर वर व्याख्यान. "गुडघे जरा बरे वाकले आज." कुठून बरे वाकले? कुणाचे? ती इतकी संतापली की रडू आलं ते संतापाचंच, असं तिनं ठरवून टाकलं.

फोनवर आता स्टाने होता. "होतीस कुठे तू? कधीचा उभा आहे मी."

"तू दुसऱ्या दरीत उभा आहेस, स्टाने."

"ते कळलं मला आता. या बाईंचा गोंधळ झाला. येतो पाळण्यानं वर आणि तिकडून खाली."

"वर चार वाटा फुटतात. पाट्या वाचून येशील?"

तिनं हे म्हटलं आणि तिला स्वतःलाच ऐकू आलं. तिकडून पाळण्याच्या यंत्राची घरघर आली, कुणाचं तरी पोर ओरडलं, लोरेदाना कुणाला तरी काहीतरी सांगत होती. पण तिचा नवरा, जो झोपेतसुद्धा वाद घालायचा, तो काही बोलला नाही.

"तिथेच बस," ती म्हणाली. "मी येते."

"कशानं?"

"गाडीनं."

"गाडी तू नाही..." तो म्हणू लागला. तिनं फोन बंद केला.

नियम तिला सगळे पाठ होते, ही एक चमत्कारिक गोष्ट तिला त्या पुढच्या वेळात कळली. गॅस बंद. पायरी आत. विजेची तार काढून गुंडाळायची, उलटी नाही, सुलटी. छतावरचा बर्फ झाडायचा, नाहीतर उतारावर तोच काचेवर येतो. उट्या चाकाखाली गोठून बसल्या होत्या, त्या तिनं हातोडीनं ठोकून काढल्या, दर ठोक्याला एक शिवी, अशा की पोस्टाच्या खिडकीत कोणी कधी ऐकल्या नसतील. त्याची आसनाची जागा तिच्या पायांना लांब पडत होती. ती पुढे ओढताना तिला विचित्र वाटलं, कुणाच्या चपलेत पाय घालावा तसं. आरशांत आकाश दिसत होतं. त्याच्या उंचीचे आरसे. ते खाली करावे लागले. गाडी हलली तेव्हा मागे कुठल्या तरी कपाटाचं दार धडकलं, एक पातेलं खाली पडलं आणि घाटभर ते तसंच राहिलं. डावं वळण आलं की गडगडत उजवीकडे, उजवं आलं की डावीकडे, जसं काही मागे बसून कोणी हिच्या चालवण्याला नावं ठेवतंय.

घाट चढताना तिला भीती वाटली, पण तिला वाटेल असं वाटलं होतं तेवढी नाही. संतापाचा एक फायदा असतो. तो माणसाला सरळ बसवतो. लग्नाआधी ती सहा नंबरच्या बसनं पोस्टात जायची. ड्रायव्हरच्या मागे उभी राहायची, आणि तो मान न वळवता आरशातून तिच्याकडे बघायचा. एकदा ती उशिरा धावत आली तेव्हा तो थांबा सोडून निघालेला, पण पुढे जाऊन, भर रस्त्यात, दार उघडून उभा राहिला. सगळी बस चिडली. "बघा की, माणूस येतंय," तो उतारूंना म्हणाला होता. इतक्या लांबून त्यानं तिला आरशात ओळखलं होतं, एवढुशा आरशात, धावताना, पावसाळी टोपीत. तिच्या सबंध आयुष्यात कोणी तिला इतक्या लांबून ओळखलं नव्हतं. हे तिला आठवलं आणि तिनं गाडीत मोठ्यानं म्हटलं, "गाढवा, मला सांगायला काय झालं होतं?" पातेलं उजवीकडे गेलं. त्याला काय झालं होतं हे तिला नीट कळत होतं. त्यानं एकदा म्हटलं की संपलं. मग किल्ली, मग हे डोंगर, मग तो दिवसभर घरात सपाता घालून खिडकीशी बसणार आणि ती त्याला बाहेर काय चाललंय ते सांगणार. पण सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. त्याचा नाही आणि तिचा तरी कुठे? तिलाही नोव्हेंबरपासून कुणी तोंड बांधून ठेवलं नव्हतं.

पलीकडच्या दरीत पाळण्याच्या तळाशी बाकावर तो बसला होता, स्की गुडघ्यांत उभ्या धरून. शेजारी लाल जाकिटातली एक गोल चेहऱ्याची बाई, आणि दोघांच्या हातांत हॉटेलातल्या सुपाचे कागदी पेले. तेवढ्यातही स्लावकाच्या मनात आलं, सूप प्यायला शेवटी! लोरेदाना लगबगीनं उठून आली, खिडकीशी येऊन म्हणाली, "त्यांना एकटं सोडवेना हो. फार सज्जन आहेत. मला आता गुडघे वाकवायचे कसे ते कळलं." स्लावकानं तिचा हात दोन्ही हातांनी धरला आणि तिला त्या भाषेत आभार सोडून दुसरा शब्द सुचेना, म्हणून आभारच तीनदा मानले. बाई गेली. स्टाने गाडीच्या आवाजाच्या रोखानं चालत आला, सरळ, सवयीनं, डाव्या बाजूच्या, ड्रायव्हरच्या दाराशी. दार उघडलं. आणि तिथे ती बसलेली.

"उठ," तो म्हणाला.

"नाही."

"स्लावका, घाट आहे पुढे."

"घाट ओलांडूनच आले मी."

तो उघड्या दाराशी उभा राहिला. त्याची नजर तिच्या कानावर होती. आज पहिल्यांदाच तिला ठाऊक होतं की ती तिच्यावरच आहे. त्याला नजरेच्या मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं; तिला बघायचं म्हणूनच तो तिच्या बाजूला बघतोय. तिला त्याचा चेहरा हातांत धरून आपल्यासमोर आणावासा वाटला आणि एक चपराकही द्यावीशी वाटली. मागे एका गाडीनं भोंगा वाजवला. त्या बसवाल्याला आयुष्यात भोंगा ऐकायची वेळ कमी आली होती. तो कसनुसा झाला, दार लावलं, आणि गाडीच्या नाकावर हात ठेवत, पत्र्याला धरून, पलीकडे गेला. ती काचेतून त्याचा हात सरकताना बघत होती. तो चढला. पट्ट्याचं टोक आणि त्याची खाच यांची गाठ घालायला त्याला बराच वेळ लागला. ती पुढे होणार होती, पण हात स्टिअरिंगवर ठेवून बसली. मग त्यानं वाकून पायाशी चाचपलं.

"सपाता?"

"राहू दे बूट."

"राहू दे कसं? गाडी आहे ही."

तिनं मागे हात घालून सपाता काढल्या आणि त्याच्या मांडीवर टाकल्या. त्यानं बूट काढले, सपाता घातल्या, बूट जोडून ठेवले. ती निघाली. गाव संपलं, रस्ता वर चढू लागला. स्टाने समोर बघत होता, किंचित बाजूला, रस्त्याच्या कडेकडे.

"केव्हापासून?" तिनं विचारलं.

"तू विचारलं नाहीस कधी."

"तू सांगितलं नाहीस."

पातेलं एकदा गडगडलं. "हे काय आहे?" तो म्हणाला. "पातेलं," ती म्हणाली. पहिलं वळण आलं, गेलं. मग त्यानं घसा खाकरला आणि अगदी साध्या आवाजात, जसं काही सकाळपासून हेच बोलणं चाललंय, म्हणाला, "धुकं फार उतरलंय. सावकाश घे."

आभाळ निळंशार होतं. दरीत खालपर्यंत एकेक घराची चिमणी मोजता आली असती. ऊन बर्फावरून इतकं उलटत होतं की तिनं काळा चष्मा लावला होता. "हो" तिच्या जिभेवर तयारच होतं. नोव्हेंबरपासून ती हेच म्हणत आली होती. हो, कोट सारखा होता. हो, उजेड सपाट आहे. हो, टेबल हललं. आणखी एक "हो" म्हटलं असतं तर तो बरा झोपला असता, आणि उद्या सकाळी धुकं निवळल्याचं सांगून किल्ली मागितली असती.

"धुकं नाहीये, स्टाने," ती म्हणाली. "स्वच्छ ऊन पडलंय."

तो हलला नाही. हात मांड्यांवर होते, बस चालवताना थांब्यावर ठेवायचा तसे.

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

आणखी एक वळण गेलं. ती वाट बघत होती. ओरडेल, उतरव म्हणेल, वस्तूची बाजू घेईल. डोळ्यांपुढचा रस्ता हलू लागला होता, म्हणून तिनं रागानं दोनदा डोळे मिटले, उघडले.

"मग सांग," तो म्हणाला. "काय काय दिसतंय?"

आता हे आणखी. चालवायचं, आणि वर वर्णनही करायचं. "रस्ता दिसतोय," ती फणकाऱ्यानं म्हणाली. मग जरा थांबून, "डावीकडे बर्फाची भिंत आहे, माणसाच्या उंचीची. वरून घाण झालीय. एक पिवळा खांब आहे. खांबावर कावळा. पुढे वळण आहे, उजवं."

"दुसरा गियर टाक."

"टाकलाय."

"तिसऱ्यात आहेस. ऐकू येतंय मला."

ती तिसऱ्यातच होती. तिनं दुसरा टाकला, गाडी जड आवाज करत वळणातून वर निघाली.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय, आणखी एक खांब," ती म्हणाली. "यावर कोणी नाही."